ट्रे हातात घेतला की घाम फुटतो

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा रुग्णालयात इंटर्न आहे. परवा एका आजींना सलाईन लावताना दोनदा शीर फुटली, हात काळानिळा झाला. तेव्हापासून ट्रे उचलायचीही भीती वाटते. काय करू?

उत्तर : अगं, म्हाताऱ्या माणसांच्या शिरा नाजूक असतात, सरकतातही. माझ्या पहिल्याच महिन्यात एका बाळंतिणीला मी तीनदा टोचलं होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते, ते अजून आठवतं. तिसऱ्यांदा टोचायला नकोच होतं. दोनदा फसलं की सिस्टरना हाक मार, त्यात कमीपणा नाही.

पुढच्या वेळी स्टूल ओढून बस. वाकून उभं राहिलं की हात जास्त थरथरतो. अशा शिरेला गुलाबी नको, त्याहून बारीक निळी २२ नंबरची कॅन्युला (सुईवर चढवलेली प्लास्टिकची नळी) घे. हाताला बांधायचा पट्टा फार आवळू नकोस. डाव्या अंगठ्याने कातडी खाली ताणून धर, म्हणजे शीर पळत नाही. सुईच्या मागच्या कप्प्यात रक्त दिसलं की थांब. सुई आणखी आडवी कर, जेमतेम दोन मिलिमीटर पुढे जा, मग सुई जागीच धरून नुसती नळी आत सरकव. नवख्या हातून शीर फुटते ती बहुधा इथेच, आनंदाच्या भरात सुई पुढे रेटल्याने.

आणि उद्या राउंडला त्या आजींचा हात बघून ये. दुखतंय का, विचार.