मद्यपान करून वाहन चालवल्याच्या खटल्यात ‘गुन्हा कबूल’ म्हणावे की लढावे?

आपण विचारले आहे की, दोन बिअर घेऊन परतताना नाकाबंदीत श्वास तपासण्याच्या यंत्रावर ४८ आकडा आला, पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या न्यायालयात हजर राहायचे आहे आणि ओळखीचे सगळे ‘कबूल म्हण, दंड भर आणि मोकळा हो’ असे सांगत आहेत. तर वकील द्यावा का आणि वाहन परवाना किती दिवसांसाठी जाईल. त्यातले ‘मोकळा हो’ हे दोन शब्द वाचून मी उत्तर लिहायला बसलो. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेच शब्द माझ्या दाजींनी मला ऐकवले होते, आणि त्यावरून आमच्यात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगतो. हेल्मेट नसल्याची पावती आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालचा खटला या दोन गोष्टींना एका मापाने मोजणारा माणूस तुमचा कितीही हितचिंतक असला, तरी त्याचा सल्ला घेऊ नका. कलम १८५ चा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटत नाही आणि तडजोडीने लोकअदालतीतही निकाली निघत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ‘कबूल’ म्हटले की तुम्ही दोषसिद्ध ठरता. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०१९ पूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला, तरच ही वाढीव शिक्षा लागू होत असे. ती मुदतीची अट त्या वर्षीच्या दुरुस्तीत काढून टाकली गेली, त्यामुळे आजची कबुली पंधरा वर्षांनीही तुमच्यासमोर येऊन उभी राहू शकते. शिवाय स्वतः कबुली दिल्यावर दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही. फार तर शिक्षा किती झाली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच वरच्या न्यायालयात जाता येते. दाजींना यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही नव्हते.

आमचे घर माळकरी आहे. आजोबांपासून आषाढीची वारी चुकलेली नाही आणि दारूचा थेंब घरात आलेला नाही. त्या वर्षी चिकुनगुनियानंतर माझे सांधे धरले होते, म्हणून गावातल्या वैद्यांनी दोन वेळच्या जेवणानंतर दशमूलारिष्ट घ्यायला सांगितले होते. आसव-अरिष्टे आंबवून तयार होतात आणि त्यांत आपोआप तयार झालेले थोडे मद्य असते, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला माहीत असते. मला माहीत नव्हते. त्या रात्री जेवण उरकले, चार चमचे अरिष्ट पाणी न मिसळताच घेतले आणि वडिलांची रक्तदाबाची गोळी संपली होती म्हणून मेडिकल बंद होण्याआधी पोहोचावे, या घाईने मोटारसायकल काढली. घरापासून फाटा तीन-चार मिनिटांवर आहे आणि तिथेच नाकाबंदी होती.

यंत्रावर आकडा आला ४१. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी आहे. मी हवालदारांना औषधाचे सांगितले, गळ्यातली माळ दाखवली आणि पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकू द्यावे, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. डॉक्टरांकडे नेले नाही, रक्त घेतले नाही, माझ्याआधी फुंकलेल्या माणसाची नळीही बदलली नाही. छापून आलेल्या चिठ्ठीवर सही घेतली, गाडी ठाण्यात लावून घेतली आणि मी वडिलांच्या गोळ्यांशिवाय चालत घरी आलो. वडिलांनी एकदाच विचारले, “घेतली होतीस का?” मी नाही म्हणालो. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधीही काढला नाही.

दाजी दुसऱ्याच दिवशी आले. माझ्यापेक्षा ते अठरा वर्षांनी मोठे आहेत, घरातल्या प्रत्येक कार्यात त्यांचा शब्द चालतो आणि माझे वाईट व्हावे असे त्यांच्या मनात कधीच नव्हते, हे मी आजही मान्य करतो. ते म्हणाले, “दहा हजार जातील, पण एका तारखेत विषय संपेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.” मी म्हणालो, “दाजी, पायरी मी चढलेलो नाही, मला चढवले आहे. आता तिथे उभे राहून मी दारू प्यायलो होतो असे सांगायचे, म्हणजे माळ घालून खोटे बोलायचे.” त्यांचे म्हणणे असे की न्यायालयात बोललेले तिथेच राहते, गावात कोण विचारायला येतो. पण गावाने विचारायची वाटच पाहिली नाही. त्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहात वीणेचा रात्री दोन ते चारचा पहारा, जो सात वर्षे माझ्याकडे होता, तो मला न सांगता दुसऱ्याकडे गेला. फळ्यावर माझ्या नावाच्या जागी दुसरे नाव वाचताना जे वाटले, ते मला शब्दांत मांडता येत नाही.

पहिल्या तारखेला माझ्याआधी नऊ जणांचा पुकारा झाला. नऊही जणांनी ‘कबूल’ म्हटले आणि एकेकाचे काम मोजून मिनिटाभरात आटोपले. त्यांच्यातला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा बाहेर मला म्हणाला होता की, त्याला कागद दाखवलेच गेले नाहीत, तरीही तो ‘कबूल’ म्हणाला, कारण फाटकाशी भेटलेल्या वकिलाने तसे पढवले होते. कागद न वाचता अशिलाला कबुली द्यायला लावणाऱ्या वकिलाला मी वकील मानत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी ‘कबूल नाही’ म्हणालो, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्यांनी कोणताही राग न धरता दोषारोपाच्या कागदांच्या प्रती मला देण्यास सांगितले. तुमचे पहिले काम हेच आहे. आरोपीला या प्रती विनामूल्य मिळतात, आणि त्या वाचल्याशिवाय ‘कबूल’ किंवा ‘कबूल नाही’ यांपैकी एकही शब्द बोलू नका.

माझ्या वकीलबाईंनी त्या कागदांतून तीन गोष्टी काढल्या. पहिली चिठ्ठीची: ती थर्मल कागदावर छापलेली होती आणि साक्षीची वेळ येईपर्यंत तिच्यावरची अक्षरे जवळजवळ उडाली होती. मी घेतलेली छायाप्रत पाहिली, तर तिच्यावरची वेळ पंचनाम्यातल्या वेळेच्या वीस मिनिटे आधीची होती. तुमच्याकडे चिठ्ठी असेल, तर तिची प्रत आजच काढून ठेवा. दुसरी यंत्राची: कायद्यानुसार श्वासाची चाचणी केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रकारच्या यंत्रावर व्हावी लागते, आणि त्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, याचा एकही कागद दोषारोपपत्रासोबत नव्हता. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट तोंडातल्या मद्याची होती. यंत्र फुप्फुसातून आलेल्या हवेवरून रक्तातले प्रमाण काढते. पण नुकतेच काही प्यायलेले असेल, तर तोंडात राहिलेला अंश त्या हवेत मिसळून आकडा फुगवतो, आणि तो अंश जायला साधारण पंधरा मिनिटे लागतात. चार चमचे अरिष्टाने रक्तातले प्रमाण तीसच्या जवळपासही जात नाही. त्या रात्री मला पंधरा मिनिटे थांबवून पुन्हा फुंकू दिले असते, तर हा खटला उभाच राहिला नसता.

उलटतपासणीत हवालदारांनी प्रामाणिकपणे सांगितले की नळी बदलल्याचे आठवत नाही, दुसरी चाचणी घेतली नाही आणि यंत्र कधी तपासले ते माहीत नाही. वैद्य स्वतः आपली रुग्णनोंदवही घेऊन बचावाचे साक्षीदार म्हणून आले आणि दीड तास बाकावर बसून राहिले. सत्तर वर्षांच्या माणसाने माझ्यासाठी घेतलेली ही तसदी मी विसरणार नाही. वडील प्रत्येक तारखेला आले. ते आत येत नसत, आवारातल्या लिंबाच्या पारावर हरिपाठ म्हणत बसत. अशा सतरा तारखा झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मला निर्दोष सोडण्यात आले.

निकालपत्रात ‘संशयाचा फायदा देऊन’ असे शब्द आहेत आणि दाजी आजवर तेच धरून बसले आहेत. त्यांच्या मते संशयाचा फायदा म्हणजे सुटका, निर्दोषत्व नव्हे. आणि वकिलाची फी, वैद्यांची गाडी, माझे बुडालेले दिवस धरून दंडाच्या दुपटीहून अधिक खर्च करून मी मिळवले काय? त्यात त्या वर्षी मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरचा अपघात झाला, दोन तरुण जीव गेले आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. दाजी म्हणाले, “बघ, लढणारे असे असतात.” हे वाक्य मला फार लागले. नमुना बदलणारा माणूस पुरावा नष्ट करतो. मी पुरावा तपासायला मागितला होता. या दोन गोष्टी एकाच पारड्यात टाकल्या, तर खोटा आळ आलेल्या माणसाला तोंड उघडायची सोयच उरत नाही. आरोप संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे, आणि तो सिद्ध झाला नाही तर माणूस निर्दोष असतो; त्यात अर्धा निर्दोष अशी पायरी नसते.

आता तुमच्याविषयी, आणि हे मी आधीच लिहायला हवे होते. तुमची गोष्ट माझ्यासारखी नाही. दोन बिअर घेतल्याचे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. कागद वाचल्यावर यंत्राची तपासणी, वेळ, चिठ्ठी हे सारे नीट असल्याचे दिसले, तर ‘कबूल’ म्हणा. मी खोटे बोललो नाही, तसे तुम्हीही बोलू नये, आणि पुन्हा प्यायल्यावर गाडीला हात लावू नका. कागदांत खरीच खोट असेल, तर ती दाखवण्याचा हक्क प्यायलेल्या माणसालाही आहे. पण साक्षीदार फोडणे, डॉक्टरांना भेटणे असले उपाय कोणी सुचवले, तर त्याच्यापासून दूर राहा. रक्त घेतले नाही म्हणून खटला आपोआप पडतो, हा समज चुकीचा आहे, कारण श्वासाच्या चाचणीचा निकालही कायद्याने पुरावा म्हणून ग्राह्य आहे. अटक झाली असेल, तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ती झाली नाही तर कोठडीतून सोडावे लागते, पण तेवढ्याने गुन्हा मिटतो असे समजू नका. याउलट यंत्रावर आकडाच नसेल आणि तोंडाचा वास, लाल डोळे, अडखळती चाल एवढ्यावरच डॉक्टरांचा दाखला असेल, तर बचुभाई हसनअल्ली करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा निकाल वकिलांना आठवणीने दाखवा. नुसत्या अशा लक्षणांवरून नशेचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. चाचणीला नकार देण्याचा सल्ला मात्र कोणाचाही ऐकू नका, कारण सबळ कारणाशिवाय दिलेला नकार तुमच्याच विरोधात धरला जाऊ शकतो. त्या रात्री कोणाला इजा झाली असेल, तर मी लिहिलेल्या यातल्या एकाही गोष्टीवर विसंबू नका आणि आजच फौजदारी वकिलाकडे जा.

परवान्याचे म्हणाल, तर कलम १८५ खाली दोषी ठरवल्यावर न्यायालयाला तुम्हाला परवान्यासाठी किमान सहा महिने अपात्र ठरवावेच लागते, आणि परिवहन कार्यालयही स्वतंत्रपणे निर्णय घेऊ शकते. पोलिसांनी परवाना जप्त करून तिकडे पाठवला असेल, तर आदेशाआधी तुमचे म्हणणे मांडण्याची संधी देणारी नोटीस येते. ती दुर्लक्षून घरी ठेवू नका. वकील जरूर द्या. ऐपत नसेल, तर न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा. आणि तारखेला वेळेआधी जाऊन बसा, कारण पुकाऱ्याला हजर नसलात तर वॉरंट निघू शकते.