दुर्बिणीला मोबाईल लावला की गुरूचा नुसता पांढरा गोळा का येतो?

कॅमेरा बदलू की दुर्बीण असं तुम्ही विचारलंय, तर दोन्हीपैकी काहीच बदलू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या ८ इंची डॉब्सोनियनमधून (हाताने वळवायची, साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) डोळ्यांना गुरूचे पट्टे आणि चार चंद्र दिसतायत म्हणजे दुर्बीण चोख आहे, चुकतंय ते एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो ते. मोबाईलला सगळी फ्रेम काळी दिसते, त्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवत बसतो आणि मधला गुरू जळून जातो. प्रो मोडमध्ये जा, आयएसओ १०० ठेवा, शटर १/६० सेकंदापासून सुरू करा आणि गोळा राखाडी, जरा मंदच दिसेपर्यंत शटरचा वेळ कमी करत जा. पट्टे लगेच दिसतील. चंद्र मग त्या फ्रेममधून गायब होतात, ते तसंच असतं, त्यांच्यासाठी वेगळा जास्त एक्स्पोजरचा फोटो काढायचा.

माझंही हेच झालं होतं. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी इतके जवळ आले होते की दोघं एकाच आयपीसमध्ये (दुर्बिणीचं डोळा लावायचं भिंग) मावत होते, जेमतेम ०.१ अंशाचं अंतर, आणि मी मोबाईल हातानेच धरून शंभरेक फोटो काढले, सगळ्यांत दोन पांढरे ठिपके. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. म्हणून आधी मोबाईल धरायचा अडॅप्टर घ्या, हाताने जमत नाही.

आता मुख्य गोष्ट. ग्रहांचा फोटो काढायचाच नसतो, व्हिडिओ काढायचा असतो. हवा सतत हलत असते, वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं कसं दिसतं तसा गुरू दिसतो, आणि मधेच एखादा क्षण सगळं स्थिर होतं. हजारो फ्रेम घ्यायच्या, ऑटोस्टॅकर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यातल्या चांगल्या १०-२० टक्के निवडून एकावर एक रचतं, मग रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट नावाच्या सोयीने शार्प करायचं. इथे सगळ्यांचाच हात सैल सुटतो, ग्रहाच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी रेघ उमटली की समजा जास्त झालं, मागे या.

तुमच्या डॉब्सोनियनला ट्रॅकिंग नाही, म्हणजे ती ग्रहामागे आपोआप वळत नाही, म्हणून घाबरू नका. माझा सेटअप सांगतो, १२०० मिमी फोकल लेंथ, २ एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग), आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा छोटा प्लॅनेटरी कॅमेरा (तो नंतर घेतला, वर्षभर मोबाईलवरच शिकलो). गुरूला फ्रेमच्या एका कडेला आणायचं, हात काढायचा, रेकॉर्डिंग सुरू, तो आपला आपण सरकत साधारण अर्ध्या मिनिटात दुसऱ्या कडेला जातो. परत आणायचा, परत सोडायचा. पिप नावाच्या प्रोग्रॅमने सगळ्या फ्रेम मध्यावर येतात. असे तीन-चार तुकडे जोडता येतात पण दोन-तीन मिनिटांच्या आतलेच घ्या, कारण गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो आणि तेवढ्यात तपशील सरकून फोटो पुसट होतो. लॅपटॉपवर जागा मोकळी ठेवा, अर्ध्या मिनिटाची एक फाईल सहज चार जीबीची होते.

फोकसला सगळ्यात जास्त वेळ द्या. नॉबला बोट लागलं की चित्र एवढं हलतं की काहीच कळत नाही. मी नॉबला कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो, लाकडी, आणि चिमट्याचं टोक करंगळीने केसभर ढकलतो, नॉब अगदी कणभर फिरतो आणि हादरा जवळजवळ बसत नाही. फोकस गुरूवर नाही, त्याच्या चंद्रावर करायचा, चंद्राचा ठिपका सगळ्यात बारीक झाला की झालं.

आणि हवा. ह्यात मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या. दोन सीझन गच्चीवरून काढत होतो आणि गुरू कायम उकळल्यासारखा. आधी वाटलं आरसे हलले असतील, कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, तीनदा केलं (ते करायचंच असतं, पण दोष तिथे नव्हता). २०२३ च्या ऑक्टोबरात गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम निघालं म्हणून नाइलाजाने दुर्बीण मागच्या परसात, मातीवर, कढीपत्त्याच्या झाडाशेजारी मांडली आणि रात्री साडेअकराला लॅपटॉपवर जे दिसलं ते बघून मी घरातल्यांना उठवलं. गुरूवरचा तांबडा डाग, तिथलं ते मोठं वादळ, स्क्रीनवर सरळ दिसत होता, कुठलंही प्रोसेसिंग न करता! दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि आपण नेमकं त्याच हवेतून बघत असतो. तेव्हा माती किंवा गवत असेल तिथे मांडा, दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा म्हणजे आरसा थंड होईल, शेजारच्या पत्र्यावरून किंवा एसीच्या मागच्या बाजूवरून बघू नका. शहराच्या दिव्यांची मात्र काळजी सोडा, ग्रहांना त्याने काही फरक पडत नाही.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे जी युरोपवाल्यांना नाही. २०१९-२० मध्ये लंडनहून गुरू क्षितिजापासून जेमतेम १५-१६ अंश वर यायचा, आपल्याकडे तेव्हाही पन्नासच्या आसपास जायचा आणि मिथुन राशीत असताना तर तो जवळजवळ डोक्यावरून जातो. वर असला की मधली हवा कमी. फक्त अगदी डोक्यावर असताना डॉब्सोनियन वळवणं अवघड जातं, त्यामुळे ६०-७० अंशांवर असतानाच धरा.

घरच्या दुर्बिणीतून काय होणार असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला त्याच्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूवर नवा काळा डाग दिसला, काहीतरी आदळल्याची खूण होती ती, आणि त्याने कळवल्यावर मग मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या, हबल ही अवकाशातली दुर्बीणसुद्धा. पुण्यात असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन या, हौशी आकाशनिरीक्षकांची १९४४ पासूनची संस्था आहे.

एक सांगायचं राहिलं, मूळ व्हिडिओ डिलीट करू नका. माझा २०२१ च्या ऑक्टोबरातला शनीचा एक व्हिडिओ मी वाया गेला म्हणून सोडून दिला होता. दोन वर्षांनी, हात जरा बसल्यावर, त्यातल्या फक्त ८ टक्के फ्रेम घेऊन परत रचला तर कड्यांच्या दोन्ही टोकांना कॅसिनीची फट (कड्यांमधली काळी मोकळी जागा) निघाली, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक.