हॉटेल बुकिंग आणि हॉटेलात राहण्यापुरतं इंग्रजी कसं शिकू? क्लास लावू का?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. पुणे स्टेशनजवळच्या एका लॉजवर ४ वर्षं आणि मग विमाननगरच्या एका बिझनेस हॉटेलात ७ वर्षं रिसेप्शनला होतो, बहुतेक नाइट शिफ्ट. आणि मीसुद्धा तुमच्यासारखाच मराठी मीडियमवाला, इंग्रजी पाचवीपासून.

तुम्ही लिहिलंय की वय ४८, हडपसरला दुकान आहे, दिवाळीनंतर बायको-मुलाला घेऊन सिंगापूरला जायचंय, टूरवाल्यांबरोबर नाही तर आपलं आपण, आणि टेन्शन एकच की हॉटेलवाल्याशी बोलायचं कसं. क्लासवाला ३ महिन्यांचे १८ हजार सांगतोय. दादा, त्या पैशात तिकडे एखाद-दोन रात्री जास्त राहाल. क्लासमध्ये टेन्स शिकवतील, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवतील, आणि काउंटरवर तुमचं घोडं अडणार ते ऐकण्यात, बोलण्यात नाही. समोरचा काय म्हणाला हेच कळत नाही आणि मग घाम फुटतो.

पण गंमत अशी की रिसेप्शनवाला नवीन काही बोलतच नाही. तो दिवसभर तीच सात-आठ वाक्यं जवळपास त्याच क्रमाने बोलतो, मी ११ वर्षं बोललो, झोपेतपण बोलायचो असं बायको सांगते. पहिलं, 'डू यू हॅव अ रिझर्वेशन?' मग 'अंडर व्हॉट नेम?' म्हणजे बुकिंग कोणाच्या नावावर. मग 'मे आय हॅव युवर पासपोर्ट्स, प्लीज?' इथे तिघांचेही काढून द्या, एक देऊन उरलेले शोधत बसू नका, मागे लाइन असते. मग कार्ड मागेल, 'फॉर द डिपॉझिट' किंवा 'फॉर इन्सिडेंटल्स' असं काहीतरी म्हणेल. इथे आपले लोक हमखास भांडतात, 'पेड! ऑलरेडी पेड!' अहो ते रूमचे पैसे नाहीत, मिनीबार (रूममधल्या फ्रिजमधलं विकतचं खाणं-पिणं), तोडफोड वगैरेसाठी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, चेक-आउटनंतर सोडतात, पण बँकेत मोकळी व्हायला काही दिवस जातात. एवढंच विचारा, 'इज इट अ होल्ड ऑर अ चार्ज?' होल्ड म्हणाला की निवांत राहा. (कार्डावर इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा, नाहीतर तिथे इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.) मग 'ब्रेकफास्ट इज सर्व्हड फ्रॉम सिक्स थर्टी टू टेन', मग रूम नंबर, मग लिफ्ट कुठे आहे ते. संपलं. ही सगळी वाक्यं मुलाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, फास्ट, तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखी, आणि दुकानात बसल्या बसल्या ऐका. रूम नंबर नीट ऐका, २०५ला 'टू ओ फाइव्ह' म्हणतात, झिरो म्हणतीलच असं नाही, आणि फिफ्टीन-फिफ्टीत शंका आली तर निर्लज्जपणे म्हणा, 'वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?' मी स्वतः अजून विचारतो.

आता बुकिंगचे शब्द, खरी फसगत इथे होते. माझीच सांगतो. विमाननगरला नवीन होतो, एका कंपनीतून फोन आला की ट्विन रूम पाहिजे, दोन गेस्ट. मी रजिस्टरमध्ये व्यवस्थित लिहून ठेवलं, जुळे भाऊ, आणि छान मोठा डबल बेडवाला रूम ब्लॉक केला, जुळे आहेत म्हटल्यावर एकत्र झोपतील. रात्री साडेअकराला आले कोण तर साठीचा गोरा टक्कल पडलेला साहेब आणि त्याचा पंचविशीतला आपला ज्युनियर इंजिनिअर. दोघं वर गेले आणि दोन मिनिटांत खाली आले, त्या पोराचा चेहरा मला आजही आठवतो. तर ट्विन म्हणजे दोन वेगळे बेड, डबल म्हणजे एकच मोठा. आपल्याकडे लॉजवर डबल रूम म्हणजे दोन माणसांची रूम, बेड कसेही असोत, तो अर्थ डोक्यातून काढा. तुम्ही तिघं आहात, तर बुकिंग करतानाच मुलाचं वय टाका आणि 'एक्स्ट्रा बेड' मिळेल का, त्याचे पैसे किती, हे बघा. दोघांची रूम घेऊन तिसरा हळूच घुसवायचा हा प्रकार महाबळेश्वरला चालत असेल, तिकडे नाही.

दुसरं म्हणजे 'बोर्डिंग'. आपण स्टेशनसमोर लहानपणापासून 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या पाट्या बघतो, पण त्यातलं बोर्डिंग म्हणजे जेवण हे किती जणांना माहीत असतं? तोच शब्द बाहेर 'हाफ बोर्ड', 'फुल बोर्ड' म्हणून भेटतो. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक रात्रीचं. फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळा. आपल्याकडचे एजंट यालाच एमएपी आणि एपी म्हणतात, सीपी म्हणजे नुसता नाश्ता, ईपी म्हणजे नुसती रूम. आणि 'हॉटेल' म्हणजे मिसळ खायची जागा हे फक्त आपल्यात. तिकडे रस्त्यात कोणाला 'हॉटेल कुठे' विचारलंत तर तो तुम्हाला झोपायला पाठवेल, जेवायचं असेल तर रेस्टॉरंट म्हणा, सिंगापूरला स्वस्तात खायचं तर हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल.

'नॉन-रिफंडेबल' (म्हणजे रद्द केलं तर पैसे परत नाहीत) दिसलं की स्वस्त असलं तरी दोनदा विचार करा. 'फ्री कॅन्सलेशन अन्टिल' (म्हणजे फुकटात रद्द कधीपर्यंत) पुढची तारीख मात्र डोळ्यात तेल घालून वाचा, आणि वेळ बहुतेक हॉटेलच्या गावची असते, सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १० वाजलेत म्हणून निवांत असाल तर तिथे तारीख बदललेली असते. सिंगापूरमध्ये दराच्या पुढे '++' अशी खूण दिसेल, त्याला 'प्लस प्लस' म्हणतात, म्हणजे वरून १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी (हो, तिकडेही जीएसटीच, २०२४ पासून ९ टक्के). विचारायचं वाक्य पाठ करा, 'इज दॅट द फायनल प्राइस?' तारीख कधीही नुसत्या आकड्यात सांगू-लिहू नका, ५/११ला अमेरिकन माणूस मे महिना समजतो. 'फिफ्थ नोव्हेंबर, थ्री नाइट्स' असं म्हणायचं, दिवस नाही, रात्री मोजायच्या.

आणि 'उद्या रात्री १ वाजता पोचतो' हे वाक्य तर कृपा करून कोणालाच सांगू नका, या एका वाक्यावरून लॉजवर मी आठवड्याला दोन भांडणं बघितलीत. फ्लाइट ६ तारखेला पहाटे उतरणार असेल आणि लगेच रूम हवी असेल तर बुकिंग ५च्या रात्रीचं पाहिजे. नसेल तर चेक-इन दुपारी दोन-तीनला, तोपर्यंत 'कॅन वी लीव्ह अवर बॅग्ज हिअर?' म्हणा, बॅगा ठेवून घेतात आणि तुम्ही फिरायला मोकळे. नशीब जोरावर असेल तर 'इज अर्ली चेक-इन पॉसिबल?' पण हसून विचारायचं, हक्क असल्यासारखं नाही.

यावरून आठवलं. आपलं इंग्रजी चुकीचं नसतं, उद्धट वाटतं. मराठीत आपण 'जरा टॉवेल देता का' म्हणतो, सगळी नम्रता त्या 'जरा'त आणि शेवटच्या 'का'त असते. इंग्रजीत त्याला शब्द सापडत नाही म्हणून 'गिव्ह मी टॉवेल' निघतं, आणि समोरच्याला वाटतं हा साहेब ऑर्डर सोडतोय. 'जरा'ला इंग्रजीत 'कुड'. 'कुड आय हॅव टू टॉवेल्स, प्लीज?' 'कुड यू सेंड समवन? द एसी इज नॉट कूलिंग.' या 'कुड'वर अख्खी ट्रिप निघते. आपला 'च' पण असाच घोळ घालतो. 'आजच आलो' म्हणायला आपण 'टुडे ओन्ली' म्हणतो, त्याला वाटतं फक्त आजच्यापुरते आलेत, उद्या रूम सोडणार.

सगळ्यात वाईट सापळा म्हणजे हो-नाही. तो विचारतो, 'यू डोंट हॅव एनी अदर लगेज?' आपण मराठीत विचार करतो, 'हो, नाहीये', आणि म्हणतो 'यस'. झालं, तो पोऱ्याला बाहेर पाठवतो, उरलेल्या बॅगा आण म्हणून. सामान नसेल तर 'नो', प्रश्न कसाही येवो. तसंच 'वुड यू माइंड वेटिंग?' याला 'यस' म्हणालात तर अर्थ होतो, हो, मला त्रास होईल! थांबायला तयार असाल तर 'नो प्रॉब्लेम' म्हणा, ते कुठेही चालतं.

नावाचं स्पेलिंग घरी म्हणून बघा. बी, डी, पी, व्ही फोनवर सारखंच ऐकू येतं, म्हणून 'पी फॉर पॅरिस' असं सांगायचं, पी फॉर पुणे त्याला कळायचं नाही. आणि आपल्या बऱ्याच पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, त्यामुळे बुकिंग कधी भलत्याच नावाखाली निघतं, ते सापडेना तर घाबरू नका, बुकिंग नंबर दाखवा. तो आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापून न्या, इमिग्रेशनलाही 'व्हेअर आर यू स्टेइंग?' विचारू शकतात आणि एसजी अरायव्हल कार्डमध्येही (सिंगापूरला जाताना भरायचा सरकारी फॉर्म) पत्ता भरावा लागतो, ते पोहोचायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट असतं.

रूममध्ये गेल्यावर फार काही बोलावं लागत नाही. गीझर म्हणू नका, नुसतं 'देअर इज नो हॉट वॉटर'. बादलीचा नाद सोडा, मी एकदा बँकॉकला 'बकेट प्लीज' म्हटलं तर पोरगा बर्फ भरलेली स्टीलची छोटी बादली आणि चिमटा घेऊन दारात उभा, त्यातच तांब्याने आंघोळ करायची बाकी होती. सिंगापूरला प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी पायांचा, त्यामुळे 'डू यू हॅव ॲन अडॅप्टर?' लिफ्टजवळ ड्युरियन फळाच्या चित्रावर काट मारलेली दिसली तर ते फळ वर नेऊ नका, वास भयंकर असतो आणि दंडही करतात.

तुम्ही म्हणता माझं ग्रामर हसण्यासारखं आहे. आमच्याकडे चाकणच्या कंपन्यांमध्ये येणारे जर्मन राहायचे. त्यातला एक मोठा इंजिनिअर रोज सकाळी काउंटरवर येऊन मला विचारायचा, 'व्हेन डू आय बिकम माय शर्ट्स?' म्हणजे मी माझे शर्ट कधी होणार! त्यांच्या भाषेत 'मिळणे'ला बिकमसारखाच शब्द आहे, म्हणून. त्याला काडीची लाज नव्हती आणि शर्ट त्याला रोज वेळेवर मिळाले. सिंगापूरला तर अजून सोपं, तिथे लोक आपसात 'होईल का'ला 'कॅन ऑर नॉट?' आणि 'होईल'ला नुसतं 'कॅन' म्हणतात. तुम्ही 'लेट चेक-आउट, कॅन?' म्हणालात तरी उत्तर येईल, 'कॅन, कॅन.'

आता प्रॅक्टिस. घरात बायकोसमोर आरशात बोलून काही होत नाही, दोघंही हसता आणि संपतं. पुण्यातल्याच हॉटेलांना फोन लावा, रोज एक, आणि इंग्रजीत विचारा, ट्विन रूम आहे का, नाश्ता धरून आहे का, टॅक्स किती, चेक-इन किती वाजता. फुकट मास्तर आहेत ते. फक्त सकाळी दहा ते एक करू नका, चेक-आउटची गर्दी असते, शिव्या खाल. दुपारी तीनच्या पुढे लावा, त्या वेळी तो बिचारा जांभया देत बसलेला असतो (आणि हॉटेलं १ ते ४ बंद नसतात, काळजी नको). मला असे फोन यायचे, दोन वाक्यांत कळायचं की समोर कोणीतरी पाठ केलेलं म्हणतंय, पण मी पूर्ण ऐकून घ्यायचो, मीही तसाच शिकलो होतो.

एकच अडचण येईल. तिसऱ्या वाक्याला तो तुमच्या उच्चारावरून ओळखेल आणि म्हणेल, 'सर, मराठी बोला ना.' तेव्हा सरळ 'सॉरी?' म्हणायचं आणि इंग्रजीच पुढे रेटायचं.