वाचकांचे प्रश्न : ताडोबाला मुलांसह जाताना मुक्काम कुठे करावा?

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत पुण्याहून ताडोबाला जाण्याचा आमचा विचार आहे. सोबत नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या माझ्या सासूबाई असतील. एका नातेवाइकांनी कोलारा बाजूचे, पोहण्याचा तलाव असलेले रिसॉर्ट सुचवले आहे. दुसऱ्या एका परिचितांच्या मते चंद्रपुरात हॉटेल घेऊन रोज ये-जा करणे सोयीचे पडेल. मोहर्ली येथील सरकारी निवास आणि गावातील होमस्टे यांचे दर आम्हाला परवडण्यासारखे आहेत. सफारीचे आरक्षण अजून केलेले नाही. मुलांच्या दृष्टीने कोणती जागा निवडावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘सफारीचे आरक्षण अजून केलेले नाही’ हे आहे. ताडोबात मुक्कामाची जागा सफारीच्या प्रवेशद्वारावरून ठरवावी लागते, आणि बहुतेक कुटुंबे नेमका उलटा क्रम धरतात. सफारीचा परवाना विशिष्ट प्रवेशद्वारासाठीच मिळतो. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही कोअर क्षेत्राची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याची, प्रवेशद्वारे नकाशावर एकमेकांजवळ दिसत असली, तरी जंगलातून आरपार जाता येत नसल्यामुळे मोहर्लीहून कोलाऱ्याला बाहेरून वळसा घालून पोहोचायला सहज दीड-दोन तास लागतात. कोलाऱ्याच्या रिसॉर्टचे पैसे भरून झाले आणि परवाना मोहर्लीचा मिळाला, तर चार वर्षांच्या मुलाला मध्यरात्रीनंतर उठवून गाडीत घालण्याची वेळ येईल. म्हणून वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी परवाना घ्या आणि तो हाती आल्यावरच खोली ठरवा. नाताळात गर्दी फार असते, त्यामुळे हे काम आजच हाती घ्यावे. मंगळवारी कोअर क्षेत्र बंद असते, हेही तारखा ठरवताना लक्षात असू द्या.

दोन्ही बाजूंचे परवाने उपलब्ध असतील, तर आपल्या कुटुंबासाठी मी मोहर्ली सुचवेन. पुण्याहून रेल्वेने नागपूरला उतरून पुढे मोटारीने जाणाऱ्यांना कोलारा जवळ पडते हे खरे. परंतु मोहर्लीहून चंद्रपूर साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि तेथे मोठी रुग्णालये, औषधांची दुकाने आणि रेल्वेस्थानक आहे. लहान मूल आणि वयस्कर व्यक्ती सोबत असताना रात्री ताप चढला किंवा गुडघा सुजला, तर या अंतराला किंमत येते. कोलारा बाजूला त्यासाठी चिमूर गाठावे लागते. पर्यटन विकास महामंडळाचे मोहर्ली येथील निवास प्रवेशद्वाराच्या जवळ असल्यामुळे पहाटेची झोपही थोडी वाचते.

चंद्रपुरात राहून ये-जा करण्याचा सल्ला प्रौढांच्या गटाला चालेल, मुलांना चालणार नाही. सकाळची सफारी साधारण सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते आणि कागदपत्रे तपासून घेण्यासाठी त्याआधी पोहोचावे लागते. म्हणजे शहरातून पाचच्या आत निघणे आले, आणि तो रस्ता अंधारातून, वन्यप्राण्यांची ये-जा असलेल्या भागातून जातो. त्यानंतर उघड्या जिप्सी गाडीत चार तास बसायचे आहे. डिसेंबरच्या पहाटे धावत्या जिप्सीत वारा इतका बोचरा लागतो, की कानटोपी आणि स्वेटर घातलेली मुलेही पहिला तासभर घोंगडीत तोंड खुपसून बसतात. तेथे निवासाने दिलेली गरम पाण्याची पिशवी आणि जाड घोंगडी किती उपयोगी पडते, हे ज्याने मूल मांडीवर घेऊन तो तास काढला आहे त्यालाच कळते. खोली ठरवताना या दोन वस्तू मिळतात का, हे अवश्य विचारा.

आता पोहण्याच्या तलावाविषयी. सकाळची सफारी संपल्यावर दुपारची सुरू होईपर्यंत काही तास मोकळे असतात. मधला वेळ मुलांनी काढायचा कसा, हा खरा प्रश्न आहे, म्हणून नातेवाइकांचा सल्ला निराधार नाही. मात्र डिसेंबरात तलावाचे पाणी गार असते आणि मुले त्यात फार वेळ टिकत नाहीत. ज्या तलावाला स्वतंत्र उथळ भाग आणि भोवती कठडा नाही, तो चार वर्षांच्या मुलासाठी सोयीपेक्षा काळजीच अधिक वाढवतो. त्यापेक्षा खोलीसमोर सावलीचे अंगण असणे मला अधिक मोलाचे वाटते. मोहर्लीच्या वाटेवर आगरझरी येथे फुलपाखरू उद्यान आहे. तेथे आपली मुलगी दुपारचा तासभर आनंदाने घालवील.

आवाराला पक्के कुंपण आहे का, ही चौकशी मात्र कोणत्याही सुखसोयीच्या आधी करा. ताडोबाच्या बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, वाघ, बिबट्या आणि अस्वल गावांच्या अगदी जवळून फिरतात; चंद्रपूर जिल्ह्यात माणसांवर हल्ले होतात आणि त्यांत जीवही जातात. काही निवासांची जाहिरात ‘थेट जंगलात’ अशा शब्दांनी केलेली असते आणि ती वाचून मन मोहरते, परंतु लहान मुलांसह जाणाऱ्यांनी भिंत, दिवे आणि रात्रीचा पहारेकरी असलेली जागाच घ्यावी. जेवणाची जागा खोल्यांपासून दूर असेल, तर अंधार पडल्यावर तेथवर कसे जायचे, हेही विचारून घ्या. वानरांचा उपद्रव सर्वत्र असतो. खिडक्यांना जाळी असली म्हणजे त्यांच्यापासून आणि डासांपासूनही बचाव होतो.

गावातील होमस्टेविषयी माझे मत चांगले आहे. तेथे दिलेले पैसे जंगलालगत राहणाऱ्या आणि त्या शेजाराची झळ सोसणाऱ्या माणसांच्या घरात जातात, मुलांना गावाची ओळख होते आणि साधा वरण-भात कोणत्याही वेळी मिळू शकतो. तरीही सासूबाईंसाठी खोली तळमजल्यावर आहे का, खोलीला लागूनच कमोडचे स्वच्छतागृह आहे का, हे पाहूनच ठरवा. या दोन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ आली, तर सरकारी निवास बरे. कापडी तंबूच्या खोल्या मुलांना आवडतात, परंतु डिसेंबरात त्या रात्री फार गारठतात, तेव्हा त्या टाळाव्यात.

चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक सफारीला नेऊ नये, असे मला मनापासून वाटते. सफारीत वाटेल तेथे खाली उतरता येत नाही, लघुशंकेची सोय ठरावीक ठिकाणीच असते, धूळ खूप उडते आणि वाघ दिसेलच याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. त्याच्यासाठी दुपारची एक सफारी पुरेशी आहे; सकाळी घरातील एका मोठ्या व्यक्तीने त्याच्याबरोबर मुक्कामी थांबावे. कोअर क्षेत्रात मोबाईल नेता येत नसल्यामुळे आत गेलेल्यांशी संपर्क होणार नाही. म्हणून औषधे, रोख रक्कम आणि निवासाच्या व्यवस्थापकाचा क्रमांक मागे थांबणाऱ्याजवळ ठेवा, आणि त्या खोलीत मोबाईलला रेंज येते का, तेही आधी विचारा.

पैसे भरण्यापूर्वी निवासाला दूरध्वनी करून पहाटे साडेचारला गरम पाणी येते का, हे स्पष्ट शब्दांत विचारा, कारण केवळ सौरबंबावर अवलंबून असलेल्या ठिकाणी त्या वेळी पाणी बहुधा कोमटच असते. सफारीला जाताना नाश्ता बांधून देतात का, मुलांच्या जेवणाचे आणि जादा गादीचे वेगळे पैसे पडतात का, वीज गेल्यास जनरेटर आहे का, आणि परवाना रद्द झाल्यास खोलीचे किती पैसे परत मिळतील, याची उत्तरे लेखी मागून घ्या. परवान्यासाठी ज्यांची ओळखपत्रे नोंदवाल, ती मूळ ओळखपत्रे प्रवेशद्वारावर दाखवावी लागतात. सासूबाईंचे ओळखपत्र त्यांच्या पर्समध्ये निघण्यापूर्वीच ठेवून द्या.