डेंटल हायजिनिस्ट होण्यासाठी काय शिकावे लागते आणि प्रत्यक्ष काम कसे असते?

आपण विचारले आहे की, दंतवैद्य होण्याइतकी वर्षे शिक्षणात घालवायची नसतील तर डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात व हिरड्यांची स्वच्छता आणि निगा राखणारा व्यावसायिक, होणे हा चांगला पर्याय आहे का, आणि दिवसभर दात साफ करण्यापलीकडे या कामात काही असते का. मी हेच काम करतो आणि उत्तराची सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण काम आवडणार नसेल तर अभ्यासक्रमाची चौकशी करण्यात फारसा अर्थ नाही.

रुग्ण खुर्चीत बसल्यावर पहिले हत्यार हातात घेण्यापूर्वी बरीच विचारपूस करावी लागते. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, मधुमेह आहे का, हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे का, हे ठाऊक नसताना हिरडीला हात लावायचा नसतो. त्यानंतर दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली प्रोबने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या बारीक हत्याराने, मोजतात, तीही प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. म्हणजे ३२ दात असतील तर १९२ नोंदी होतात. खोली १ ते ३ मिलिमीटर असेल तर सहसा काळजीचे कारण नसते, मात्र ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरली आणि रक्तही आले, तर आजार हिरडीखाली पसरत असल्याची शंका घ्यावी लागते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून मुळातच रक्त कमी येते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत रक्त न दिसणे ही निर्धास्त होण्याची गोष्ट नव्हे.

मग येते किटण. दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरात लाळेतील क्षार बसत गेले की तो थर कडक होतो आणि ब्रशने निघत नाही. लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, ते अधिक साचते. हे किटण निदान डोळ्यांना दिसते. हिरडीखालचे मात्र बोटांनाच कळावे लागते. दाताच्या मुळावरून क्युरेट, म्हणजे किटण खरवडण्याचे हत्यार, सरकत असताना मध्येच जाणवणारी बारीकशी खरखर ओळखता येणे, हेच माझ्या मते या व्यवसायातले खरे कौशल्य आहे. हत्यार लेखणीसारखे धरून, अनामिका जवळच्या दातावर टेकवून, पाते आणि दात यांच्यातील कोन ४५ ते ९० अंशांच्या दरम्यान ठेवायचा असतो. कोन कमी पडला तर किटण निघण्याऐवजी वरून गुळगुळीत होते आणि पुढच्या वेळी बोटांनाही सापडत नाही. कंपनांनी किटण सुटे करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रामुळे काम लवकर उरकते, पण यंत्र फिरवून झाल्यावर खाली काही उरले आहे का, हे शेवटी हातानेच तपासावे लागते.

याखेरीज एक्स-रे काढणे, फ्लोराइड लावणे, लहान मुलांच्या दाढांवरील खाचा सीलंटने बंद करणे, हत्यारांना धार लावणे आणि ती निर्जंतुक करणे ही कामेही असतात. रुग्णाला घरी दातांची निगा कशी राखावी हे शिकवणे हा तर निम्मा व्यवसाय आहे, आणि त्यात उपदेशाचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. रुग्णाच्या हातात आरसा देऊन दातांच्या फटी त्याच्याकडूनच साफ करवून घेतल्या, तर काहीतरी पदरात पडते.

आता शिक्षणाविषयी. अभ्यासक्रम बहुधा दोन ते चार वर्षांचा असतो. त्यात शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि दातांची रचना हे विषय असतात. हातकाम आधी कृत्रिम दातांच्या पुतळ्यावर, मग बऱ्याच ठिकाणी सहाध्यायांच्या तोंडात आणि शेवटी शिक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्या रुग्णांवर शिकवले जाते. विज्ञानाची आवड नसेल तर पहिलेच वर्ष जड जाते.

शरीरावर पडणारा ताण मात्र प्रवेशाच्या वेळी कोणी फारसा सांगत नाही. मान वाकवून आणि मनगट आवळून तासन्‌तास बारीक काम केल्याने मान, खांदे आणि मनगट यांची दुखणी या व्यवसायात सर्रास आढळतात. भिंगाचा चष्मा, धारदार हत्यारे आणि खुर्चीची योग्य उंची यांकडे विद्यार्थिदशेपासूनच लक्ष दिलेले बरे. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो आणि त्याची किंमत मनगट मोजते.

या व्यवसायाची सुरुवात अमेरिकेत कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे झाली. तेथील दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवले आणि १९१३ मध्ये त्याचे पहिले विद्यालय सुरू केले. हायजिनिस्टला किती मोकळीक असावी, याचे उत्तर आजही देशागणिक बदलते. नेदरलँड्समध्ये तो स्वतःचा दवाखाना चालवू शकतो, तर अन्यत्र अनेक ठिकाणी त्याला दंतवैद्याच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: या पदविकेवर आपल्याला जिथे काम करायचे आहे तिथे नोंदणी मिळते का, आणि हिरडी बधिर करण्याचे इंजेक्शन देण्याची मुभा त्या नोंदणीत आहे का.