आधी उन्हाचे तास मोज

प्रिय बाळा,

तुझा बेत वाचला. आईबाबा, आजी, ताई आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा, सगळ्यांना घेऊन शनिवार-रविवार डोंगरातल्या एका लहानशा गावी जायचं, तेही ऐन थंडीत, आणि सगळी जुळवाजुळव तू एकट्याने करायची. वाचून फार बरं वाटलं. घरातल्या कुणीतरी मनावर घेतल्याशिवाय अशा सहली होत नाहीत. तू पाठवलेली यादी मात्र मी दोनदा वाचली. दोन दिवसांत अकरा ठिकाणं. त्या यादीवरच आधी बोलू.

हिवाळ्यातला डोंगरातला दिवस केवढा असतो, ते एकदा कागदावर मांडून बघ. वर्षातला सर्वांत लहान दिवस ३० अंश अक्षांशावर साधारण सव्वादहा तासांचा असतो, ४५ अंशांवर पावणेनऊ तासांचा. हा झाला मोकळ्या सपाटीवरचा हिशेब. गाव दरीत किंवा डोंगराच्या कुशीत असेल, तर आजूबाजूच्या कड्यांमुळे ऊन सकाळी उशिरा पोचतं आणि संध्याकाळी लवकर निघून जातं. आता तुझा शनिवार घे. पहाटे सहाला निघालात, रस्ता पाच तासांचा, बरोबर लहान मूल आणि आजी. म्हणजे पोचायला साडेबारा-एक. खोली ताब्यात घेणं, जेवण, आजींनी घटकाभर पाठ टेकणं, की वाजले अडीच. चारच्या सुमाराला ऊन गेलं. रविवारी अंगणात ऊन येईल नऊनंतर, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा तर बाराला गाडी सुरू व्हायला हवी. शनिवारचा दीड तास, रविवारचे तीन. तुझ्या हातात उन्हाचे साडेचार तास आहेत, बाळा. अकरा ठिकाणं त्यात बसवायला गेलास तर सगळा वेळ गाडीत चढण्या-उतरण्यात जाईल.

म्हणून शनिवारी काहीही ठरवू नकोस. गावातून पायी एक फेरी, बस्स. रविवारी एकच ठिकाण, तेही मुक्कामापासून अर्ध्या तासाच्या आतलं. बाकीच्या नऊ-दहा नावांवर आत्ताच काट मार आणि घरच्यांना ती नावं सांगूसुद्धा नकोस. एकदा ऐकलं की प्रत्येकाच्या मनात एकेक ठिकाण घर करून बसतं, आणि मग ते राहिलं याची हळहळ लागते.

ऊन गेल्यावर काय होतं ते मी एकदा अगदी जवळून पाहिलंय. आम्ही अशाच एका गावी उतरलो होतो. पावणेचारची वेळ. मुलं स्वेटर काढून अंगणात पळापळी करत होती. माझ्या सासूबाई उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. समोरच्या कड्याची सावली आधी फाटकापाशी आली, मग अंगणाच्या मध्यावर, मग त्यांच्या पावलांवर. ती गुडघ्यांपर्यंत चढेस्तोवर त्यांनी शाल दोनदा ओढून घेतली. मी त्यांचा हात हातात घेतला, तर बोटं गारठलेली. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, कारण मुलं मजेत होती आणि आपल्यामुळे कुणाचा विरस नको, असं त्यांना वाटत होतं. आजीसुद्धा तुला थंडी वाजतेय म्हणून सांगणार नाहीत. वय झालं की गारठा उशिरा जाणवतो, आणि जाणवला तरी म्हातारी माणसं बोलत नाहीत. तेव्हा विचारत बसू नकोस, हात लावून बघ. भाच्याचंही तसंच. लहान मुलाचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा भराभर निवतं, आणि खेळाच्या नादात त्याला त्याचा पत्ता नसतो.

गाव निवडताना उंची बघ. उंची वाढते तसं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे समुद्रसपाटीवर १८ अंश असतील तेव्हा दोन हजार मीटरवर साधारण पाच, आणि हे दिवसाचं. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो: डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. शरीराला सवय व्हायला एक-दोन दिवस तरी लागतात आणि तुमच्याकडे सगळे मिळून दोनच आहेत. म्हणून या खेपेला अडीच हजारांच्या खालचंच गाव धर. मूल विनाकारण किरकिर करायला लागलं, जेवेना, तर 'हट्टीपणा करतोय' म्हणून सोडून देऊ नकोस. त्याला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. त्रास वाढत गेला तर खाली उतरायचं, त्यात सकाळची वाट बघायची नाही.

खोली घेताना फोटोंवर जाऊ नकोस, फोन करून बोल. कुठल्या बाजूला आणि किती वाजेपर्यंत ऊन येतं, खोली कितव्या मजल्यावर, गाडी दारापर्यंत जाते की पायऱ्या चढायच्या आहेत, गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी, वीज गेली तर काय, खोली गरम कशाने ठेवतात. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याचं कारण पुढे सांगते. नदीकाठची खोली फोटोत फार देखणी दिसते, पण रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. शांत, निरभ्र रात्री तळापेक्षा उतारावरच्या घरांत थंडी कमी असते. आजी बरोबर असताना मी तरी नदीकाठ घेणार नाही.

आता रस्ता. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रीच निघायचा विचार तू लिहिलायस, तो सोडून दे. दिवसभर काम केलेला माणूस, रात्रीची वेळ, अनोळखी घाट आणि थंडी, यात वाचतो काय तर अर्धा दिवस, आणि पणाला लागतं सगळं घर. रात्रभर नीट झोप, पहाटे नीघ. निघायच्या आदल्या दिवशी टायर गार असताना हवा बघ. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. वर बर्फ असण्याची शक्यता असेल तर चाकाच्या साखळ्या आधी घरासमोर एकदा चढवून बघ. उघड्या रस्त्यावर, बोटं बधिर झालेली असताना ते शिकता येत नाही. ऊन न पोचणारी वळणं आणि पूल यांवर वेग आधीच कमी कर. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, त्यामुळे बाकीचा रस्ता कोरडा असतानाही तिथे बर्फाचा पातळ, काचेसारखा पापुद्रा असू शकतो. तो डांबरावर दिसतच नाही. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नकोस, गाडी खालच्या गिअरमध्ये उतरू दे. ब्रेक सतत दाबले की तापतात, आणि तापले की ऐन वळणावर लागत नाहीत.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसव, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांग आणि मोबाइल, पुस्तक हातात देऊ नकोस. पोट उपाशीही नको आणि तुडुंब भरलेलंही नको. गोळी द्यायची तर निघण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही, आणि भाच्याला द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच. कानाला दडे बसतात ते चढतानापेक्षा उतरताना जास्त. मोठी माणसं जांभई देऊन, आवंढा गिळून मोकळी होतात. मुलाला घोटघोट पाणी पाजत राहा. तो झोपलेला असताना घाट उतरलात तर कान दुखून रडत उठेल, म्हणून ताईला तेवढा वेळ त्याला जागं ठेवायला सांग. दोन हजार मीटरवर हवेचा दाब खालच्यापेक्षा जवळजवळ एक पंचमांशाने कमी असतो. बंद पाकिटं फुगतात, शाम्पूच्या बाटल्या गळतात. बाटल्या पिशवीत बांधून घे, आणि फुगलेलं एक पाकीट भाच्याला दाखव. त्याला फार आवडेल.

आणखी एक. त्याच्या सीटचा पट्टा जाड जॅकेटवरून बांधू नका. जॅकेट काढायचं, पट्टा अंगालगत घट्ट बसवायचा आणि वरून पांघरूण घालायचं. जाड कापडामुळे पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की ते दबतं आणि पट्टा सैल पडतो.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. एका जाडजूड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे, आणि अंगालगतचा थर सुती नको, कारण ओलं सूत अंगाची ऊब ओढून घेतं. दुपारी उन्हात गॉगल सगळ्यांना लागतील, भाच्यालाही. अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत डोळ्यांवर फेकतो.

आजींच्या गोळ्या दोन दिवसांऐवजी पाच दिवसांच्या घे. रस्ता बंद झाला तर तिथे औषधं मिळतीलच असं नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, म्हणून सकाळी उठल्या उठल्या त्यांना चढाची वाट चालायला लावू नकोस. बाबांचं इन्सुलिन रात्री गाडीत राहता कामा नये. एकदा गोठलं की ते वाया गेलं, नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. प्रवासात खिशात, रात्री खोलीत उशापाशी.

आता खोली गरम ठेवण्याचं. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही. कुणी कितीही आग्रह केला, 'इथे सगळे असंच करतात' म्हणून सांगितलं, तरी नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गुंगी येते, माणसाला वाटतं प्रवासाने दमलोय, आणि झोपेतून उठणं होत नाही. ऊब हवी तर पांघरुणं जास्त मागून घे, गरम पाण्याच्या पिशव्या घे, दोघा-तिघांनी एका खोलीत झोपा. बर्फात अडकलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली, तर आधी खाली उतरून मागचा धुराडा बर्फाने बुजलेला नाही ना ते बघ. ही गोष्ट ताईला आणि बाबांनाही सांगून ठेव, फक्त तुझ्या डोक्यात राहून उपयोग नाही.

आणि घरच्यांना निघण्याआधीच सांग, की हवामान खात्याचा जोराच्या बर्फाचा किंवा वादळाचा इशारा आला तर आपण जाणार नाही, आणि रविवारी बारा म्हणजे बारा. घरी बसून ठरवलेलं सगळे ऐकतात. तिथे ऊन पडलेलं असताना, मूल बर्फात खेळत असताना 'चला आता' म्हटलं की तूच वाईट ठरतोस. नियम आधीचा असला की तो सगळ्यांचा असतो. खोली अशीच घे की आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येईल, म्हणजे पैशांपायी चुकीचा निर्णय होणार नाही.

शनिवारी संध्याकाळी पाचनंतर बाहेर काळोख असेल आणि सगळे एका खोलीत, पांघरुणात. त्या तीन-चार तासांसाठी एखादा पत्त्यांचा जोड आणि आईबाबांच्या लग्नाचा अल्बम बरोबर घे. आजींना बोलतं कर. घरी प्रत्येकाला उठून जायला आपापली खोली असते, तिथे नसेल.

तुझी,
काकू

ता. क. पायमोजे प्रत्येकी चार जोड घे, भाच्याचे सहा. ओला मोजा पायात राहिला की बाकी कितीही कपडे घाला, मूल कुडकुडतंच. कोरडे जोड गाडीच्या डिकीत नकोत, तुझ्या पाठीवरच्या पिशवीत, अगदी वर.