आजोबांची आरामखुर्ची आणि व्हिंटेज हॉल

तुम्ही विचारलंय की गावच्या घरातून आजोबांची सागवानी आरामखुर्ची आलीये, वेत फाटलाय, तिला पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर देणारं) पॉलिश मारायचं आणि मग पूर्ण हॉलच व्हिंटेज करायचा तर सामान कुठून आणू. माझं ऐकाल तर एवढ्यात काही आणूच नका. टू बीएचकेच्या हॉलमध्ये आरामखुर्ची, ग्रामोफोन, पितळी कंदील, कोरीव दिवाण असं सगळं कोंबलं की ते घर वाटत नाही, थाळीचं हॉटेल वाटतं. खुर्ची एकटीच ठेवा, मागे साधी भिंत, बास.

आणि पीयू नको प्लीज. जुन्या सागावर बहुतेक वेळा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेले. गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो हे खरंय, पण तेवढीच जागा परत बोळा फिरवून नीट करता येते, पीयूवर खोल ओरखडा गेला की बऱ्याचदा सगळं घासून काढायची पाळी येते. आधी नुसतं घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून बघा हो! आमच्या खुर्चीच्या हातांवर जो काळा थर होता तो निघाला नुसता खोबरेल तेल आणि घामाचा, खाली लाकूड मधाच्या रंगाचं. उजव्या हातावर पानाचा डबा ठेवून ठेवून गोल ठसा उमटलाय, सुताराने विचारलंसुद्धा घासू का म्हणून, मी हात लावू दिला नाही.

वेताचं म्हणाल तर चौकट बघा, ओळीने बारीक भोकं असतील तर विण हाताची आहे, सलग खोबण असेल तर तयार जाळी बसवलेली. भोकं असतील तर हातानेच विणून घ्या, उभे आडवे आणि तिरके असे पदर घालायला वेळ लागतो आणि पैसेही जास्त जातात, पण 'नायलॉन टाकू का, टिकेल' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पुढे कधी सैल पडली तर खालून ओलं फडकं लावून सावलीत वाळवा, वेत सुकताना ताणला जातो.

तरी हौस असेलच तर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत ओशिवरा. तिथे प्रत्येक गोष्ट 'बर्मा टीक' असते आणि 'शंभर वर्षं जुनी' असते, त्यात जुन्या दरवाजांचं लाकूड वापरून गेल्या महिन्यात बनवलेलं टेबलही आलं 😄 पुढून बघू नका, ड्रॉवर बाहेर काढून त्याची खालची बाजू आणि मागची फळी बघा. मी एकदा गडद पॉलिशला भुलून कपाट आणलं, आठवड्याने पायाखाली कणकेसारखी भुकटी. भुंगा! सागाचा गाभा तो सहसा खात नाही, कडेचं फिकट लाकूड खातो, आणि तेच पॉलिशखाली झाकलेलं होतं. सिरिंजने एकेका भोकात औषध सोडत दोन रविवार गेले.

पाय ठेवण्यासाठी खुर्चीचे हात बाहेर निघणारे आहेत का? असतील तर ते उघडून मग जागा मोजा, मी बंद ठेवून मोजली आणि नंतर टीव्ही युनिट सरकवावं लागलं.